पसंतीसाहेब

पसंतीसाहेबांना ‘आज जेवण कुठून मागवायचं?’ असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते टेबलाचा खण उघडायचे, सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या काढायचे आणि साइट ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक वाटायचे. चिठ्ठीवर तीन हॉटेलांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची, मग साहेब चष्मा पुसून मोजायला बसणार. बाकी दोह्याला बाराला भूक लागायची, आम्हाला बाराला मतदान लागायचं आणि जेवण दीडला.

साहेबांचं खरं नाव डोनल. आयर्लंडचे, साठी ओलांडलेले, उन्हानं टोमॅटोसारखे झालेले. फुटबॉलच्या विश्वचषकाची तयारी ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. सगळं शहर खणून ठेवलेलं, काल होता तो राउंडअबाउट आज जागेवर नसायचा, आणि अल दुहैलमधल्या माझ्या घरापासून साइटवर पोचायला रोज नवा रस्ता शोधावा लागायचा. आता कुणाला वाटेल आम्ही स्टेडियम बांधत होतो. कसलं काय! आम्ही स्टेडियमभोवतीची गटारं बांधत होतो. नाशिकला आईनं शेजारणींना ‘मुलगी विश्वचषकाच्या कामावर आहे’ असं सांगून ठेवलं होतं आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. साहेब प्रोजेक्ट मॅनेजर, मी प्लॅनिंग इंजिनियर, आणि साताऱ्याकडचा सुभाष आमचा फोरमन.

पहिल्याच आठवड्यात माझी आणि साहेबांची जुंपली. मी शाकाहारी. चिठ्ठीवर पंजाबी हॉटेलपुढे ठसठशीत ‘एक’ लिहिला आणि केरळी थाळी आणि कोंबडीचा शोर्मा यांचे चौकोन कोरे ठेवले. मला दुसरं काही नकोच होतं तर आकडा कशाला घालू? मोजणी झाली. केरळी थाळीला चार, शोर्म्याला चार, पंजाबीला एक, ती मी. पंजाबी बाद. आता माझी दुसरी पसंती ज्याला, तो जिंकणार. साहेबांनी माझी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. कोरी! मग नाणं उडवलं, शोर्मा जिंकला आणि केरळी थाळीतला भात-सांबार समोरून निघून गेला. मी खुबूसच्या रोटीला हमसची चटणी लावून खात बसले. एवढा संताप आला होता की विचारू नका.

“मिसेस के,” साहेब म्हणाले (केळकर हे आडनाव त्यांना कधी झेपलं नाही), “पहिली पसंती जगात कुणालाच मिळत नाही. संसार चालतो तो दुसरीवर. चौकोन कोरा सोडू नये. फार महागात पडतं. मला विचारा.”

तेव्हा मी विचारलं नाही. जेवणाच्या चिठ्ठीवरून एवढं तत्त्वज्ञान सांगणारा माणूस चक्रम असणार, असं ठरवून मोकळी झाले.

साहेबांचं दुसरं वेड चहा. टपरीवरच्या वेलदोडा घातलेल्या करक चहाला ते ‘मिठाई’ म्हणायचे. त्यांची स्वतःची किटली होती, मायदेशाहून आणलेली काळीकुट्ट पत्ती होती, आणि तो चहा असा कडक व्हायचा की सुभाष म्हणायचा, “ताई, ह्यात चमचा उभा राहतोय बघा.” पण दुपारी साडेतीनला किटली वाजली की सुभाष सगळ्यात आधी हजर. आम्ही तिघं रोज त्या चहाला बसायचो. सुभाषची मराठी, साहेबांचं इंग्रजी आणि मध्ये मी दुभाषी.

फेब्रुवारीत साहेबांच्या देशात निवडणूक झाली. मोजणी चालली होती ते दिवस साहेब कामात नव्हतेच. तिकडे मतं हातानं मोजतात, एकेका मतपत्रिकेवरचे आकडे बघत, फेरीमागून फेरी. एक उमेदवार बाद झाला की त्याच्या चिठ्ठ्या उचलून दुसऱ्या पसंतीच्या ढिगात. निकाल लागला तो असा, की तीन पक्षांना जवळजवळ सारख्या जागा आणि बहुमत कुणालाच नाही.

साहेबांनी आमच्यासमोर तीन कप मांडले. “हा आमचा पक्ष, माझ्या आजोबांपासूनचा. हा दुसरा, आमचा वैरी. शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडे यादवी झाली, तेव्हा ह्या दोघांचे आजोबा एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आणि हा तिसरा कप, ह्याच्याबरोबर बसायला ह्या दोघांपैकी कुणीच तयार नाही.”

“मग आता?” सुभाषनं विचारलं.

“मग ह्या दोघांना एकत्र बसावं लागेल.” साहेबांनी दोन कप एकमेकांना चिकटवले आणि लगेच लांब केले. “पण ते होणार नाही. आकाश कोसळलं तरी नाही.”

सुभाषला हसू आवरेना. “ताई, सांगा ह्यांना, आपल्याकडं आत्ताच झालंय की! महाराष्ट्रात कोण कुणाच्या मांडीवर बसंल ह्याचा नेम हाय व्हय?” मी सांगितलं. आम्हाला किती दिवस लागले, असं साहेबांनी विचारलं. महिनाभर, म्हटलं. “फारच घाई केलीत,” साहेब म्हणाले.

त्या दिवशी ते जरा जास्तच बोलले, आणि कोऱ्या चौकोनाचा उलगडा झाला.

साहेबांना एक धाकटा भाऊ, टॉम. टॉमनं लग्न केलं ते वैऱ्याच्या पक्षातल्या घरात, आणि पुढे त्याच पक्षाकडून जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. तिकडे रीत अशी की पक्ष कुठलाही असो, गावच्या माणसाला, नात्यातल्या माणसाला चौथा-पाचवा तरी आकडा घालायचाच. साहेबांनी सगळे चौकोन भरले आणि सख्ख्या भावाचा कोरा ठेवला. मोजणी तीन दिवस चालली. टॉम शेवटच्या फेरीत नऊ मतांनी पडला. हॉलमध्येच त्यानं भावाला हसत विचारलं, “मला कितवा ठेवला होतास? तिसरा? पाचवा?” आणि ह्या शहाण्यानं खरं सांगितलं, “कुठेच नाही.”

“माझ्या एका मतानं काही झालं नसतं,” साहेब कपाकडे बघत म्हणाले. “नऊ हवी होती. पण तो मोजतो ते एकच.”

बारा वर्षं दोघं बोलले नव्हते. आईच्या अंत्यविधीलासुद्धा चर्चच्या दोन टोकांना बसले. पुढे टॉमची बायको गेली, तो गावाकडच्या घरात एकटा पडला, ते साहेबांना तिसऱ्याकडून कळलं. त्यांनी स्वतः लग्न केलंच नव्हतं. म्हणजे दोन म्हातारे, जगाच्या दोन टोकांना, एका चौकोनापायी!

मला राहवलं नाही. “अहो, मग फोन करा ना!” साहेबांनी दोन कपांकडे बोट दाखवलं. “ते दोघं ज्या दिवशी एका टेबलाला बसतील त्या दिवशी करीन.” म्हणजे कधीच नाही.

झालं! त्या दिवसापासून आयर्लंडचं सरकार हे माझं आणि सुभाषचं घरचं कार्य होऊन बसलं. मार्चमध्ये साथ आली, विमानं बंद झाली, चहाला आम्ही सहा-सहा फुटांवर तोंडं झाकून बसायला लागलो, तरी सुभाष सकाळी हेल्मेट काढायच्या आधी विचारायचा, “ताई, बसलं का सरकार?” नाशिकच्या महापालिकेत कोण आहे हे मला माहीत नव्हतं, पण आयर्लंडमध्ये कुणाची बोलणी कुठे अडली ते तोंडपाठ. नवऱ्यानं एकदा हात जोडून विचारलं, “आपले तिकडे कुणी नातेवाईक आहेत का?” साहेब मात्र रोज म्हणायचे, “मोडणार बघा.” बोलणी अडली की ते खूश दिसायचे आणि पुढे सरकली की चहा सांडायचा. मी ओळखून होते. माणूस घाबरला होता. बारा वर्षं ज्या कारणाआड लपला ते कारणच निघून चाललं होतं.

जूनअखेर झालं एकदाचं. दोन्ही वैरी आणि जोडीला एक छोटा, झाडं-हवा-पाण्यावाला पक्ष. खुर्ची अर्धी-अर्धी वाटून घेतली. आधी टॉमच्या पक्षाचा पंतप्रधान, अडीच वर्षांनी साहेबांच्या.

साडेतीनला किटली वाजली. आम्ही दोघं साहेबांकडे नुसते बघत बसलो. शेवटी त्यांनी खण उघडला आणि तीन चिठ्ठ्या काढल्या. फोन, पत्र, काहीच नको. सुभाषची पहिली पसंती फोनला. “भाव हाय त्यो, वैरी न्हाय. लावा की फोन!” माझी पत्राला, कारण फोनवर हे दोघं पहिल्या मिनिटात भांडले असते. साहेबांची ‘काहीच नको’ला. एक, एक, एक!

“त्रिशंकू,” मी म्हटलं. “मग आम्ही दोघं आघाडी करतो. आधी पत्र, मग फोन. तुम्ही विरोधी पक्षात बसा.”

साहेब मोठ्यानं हसले. मग नवी चिठ्ठी घेतली, तिच्यावर टॉमचं नाव लिहिलं, पुढे चौकोन काढला आणि चौकोनात ‘एक’ घातला. खाली सही नाही, एक ओळ नाही. “दोन शब्द तरी लिहा,” मी म्हटलं. “पुरे आहे,” ते म्हणाले. पाकीट पोस्टात मी स्वतः टाकलं, कारण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

दीड महिना काही नाही. सुभाष रोज साहेबांच्या तोंडाकडे बघायचा आणि काही न विचारता कप धुवायला न्यायचा. मला वाटायला लागलं, आपण उगाच भरीला घातलं म्हाताऱ्याला. आणि एक दिवस साहेब आले ते पाकीट हातात धरून. आत त्यांचीच चिठ्ठी परत आलेली. तिच्यावर तिरपी रेघ मारून लिहिलं होतं: ‘मत अवैध. मोजणी संपल्यावर बारा वर्षांनी आले.’ आणि उलट्या बाजूला: ‘फेरमोजणीची मागणी करत आहे. घरी ये.’

सुभाषला मी मराठीत सांगितलं. त्यानं साथ-बिथ विसरून साहेबांना मिठीच मारली. साहेब चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

पुढच्या वर्षी काम आटोपलं आणि साहेब निघाले. मी म्हटलं, एवढी गटारं बांधलीत, विश्वचषक बघायला तरी थांबा. ते म्हणाले, “माझा देश खेळत नाही, तुमचा खेळत नाही, मिसेस के. आपण दोघंही दुसऱ्या पसंतीला टाळ्या वाजवणारी माणसं. त्या घरी बसूनही वाजवता येतात.” किटली त्यांनी सुभाषला दिली, बिस्किटांचा डबा मला.

गावी टॉमच्या घरातच राहिले. फोन यायचे ते भांडणांच्या तक्रारींचे. शेगडीजवळ वडिलांची जुनी खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसायचं ह्यावरून पहिल्याच संध्याकाळी वाद झाला. तोडगा काढला तो सरकारचाच! आधी टॉम, मग डोनल, आणि तिकडे पंतप्रधान बदलतील त्याच दिवशी इकडे खुर्ची बदलायची. चक्क लिहून, सह्या करून कागद भिंतीला लावला. “तो अजूनही प्रत्येक बाबतीत चुकतो,” साहेब सांगायचे, आणि मागून टॉमचा आवाज यायचा, “खोटं आहे!”

विश्वचषकाच्या आधी, ऑक्टोबरात, टॉम झोपेत गेला. साहेबांनी दोन ओळींत कळवलं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दोहा नुसतं उधाणलं होतं. सुभाष दुपारी आमच्याकडे जेवायला आलेला, किटलीसकट. तेवढ्यात साहेबांचा फोन. “आज पंतप्रधान बदलले,” ते म्हणाले. “पाळी माझी.”

“मग बसलात का?”

“दोन महिने रिकामी ठेवली होती. मुदत त्याची होती, मध्येच कसा बसणार? आज सकाळपासून कप घेऊन उभा आहे, मिसेस के. तुम्हीच मतदान घ्या. बसावं, रिकामी ठेवावी, की देऊन टाकावी?”

डबा फडताळात होता, तो काढला. सुभाषला सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. दोन चिठ्ठ्या आम्ही लिहिल्या, तिसरी साहेबांनी फोनवर सांगितली. त्यांची पहिली पसंती ‘रिकामी’. दुसरी विचारली. म्हणाले, “बसावं.” माझी आणि सुभाषची पहिलीच ती होती.

“दोन विरुद्ध एक,” मी म्हटलं. “साहेब, आपल्या इतिहासातलं पहिलं स्पष्ट बहुमत.”

सुभाष फोनच्या जवळ येऊन मराठीतच म्हणाला, “बसा साहेब. थोरलं तुम्हीच हाय.”

मला भाषांतर करावं लागलं नाही. जुनं लाकूड करकरल्याचा आवाज आला, आणि मग साहेबांचा.

“बसलो,” ते म्हणाले. “उशी अजून त्याचीच आहे.”