नरसय्याने झाडलेल्या दहा गोळ्या

रिया, नील, आजोबा गेले त्या सकाळी मी तुमच्या आईला फोनवर म्हणाले, "शांतपणे गेले." ते खरं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर अक्षरांचा तक्ता धरून बसले होते. त्यांची वाचा जाऊन तीन महिने झाले होते, हात तर त्याच्या कितीतरी आधी गेले होते. मी एकेका अक्षरावर बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की ते पापण्या मिटायचे. त्या दिवशी एका शब्दाला पाऊण तास लागला. मला वाटलं, तुमच्याविषयी काही सांगायचं असेल... जुळला तो शब्द होता 'स्प्रिंग'. मी म्हणाले, "हो, नवी बसवून घेते." आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच, आणि तेही माझ्या बाजूने खोटं. आता सात आठवडे झाले. नील, तू मागे विचारलं होतंस, "आजोबा आमच्याकडे येणार होते, मग आले का नाहीत?" त्याचं उत्तर मी टाळलं. आज लिहिते आहे. आईला सावकाश वाचून दाखवायला सांगा.

तुम्हाला ठाऊक आहे की आजोबा रेल्वेच्या सिग्नल विभागात होते, बरीच वर्षं होटगीला. निवृत्तीनंतर त्यांनी नेमबाजी धरली. पॉइंट टू टूचं स्पर्धेचं पिस्तूल, रीतसर परवाना, दर रविवारी क्लबच्या रेंजवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, नीट दिसेना, म्हणून त्यांनी पिस्तुलावर लाल ठिपका दाखवणारी साईट बसवून घेतली आणि हाताच्या मापाची लाकडी मूठही करून घेतली. राज्य पातळीवर ज्येष्ठांच्या गटात एकदा उतरायचं होतं. ते झालं की तुमच्याकडे दोन महिने.

आणि पिस्तूल अडकायला लागलं. या पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी आत घेते. यांची स्लाईड पूर्ण मागे जाईना. पुंगळी अर्धवट तोंडात धरून पिस्तूल थांबायचं, दहा गोळ्यांत दोनदा, तीनदा. आजोबांची सिग्नल खात्यातली शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद करायची. नोंदी माझ्याकडे. मी आयुष्यभर गणित शिकवलं, मला रकाने आखायला आवडतं. आधी त्यांनी सगळं उघडून साफ केलं. मग तेल बदललं, मग गोळ्या भरायचं मॅगझिन, मग दुसऱ्या बनावटीच्या गोळ्या. वरच्या साईटचं वजन स्लाईडला जड होत असेल म्हणून ती काढून टाकली आणि माशी दिसत नसताना नेम धरला. स्प्रिंग बदलली. प्रत्येक रविवारी मी आकडा लिहायची, आणि आकडा वाढत होता.

नरसय्या त्यांचा क्लबमधला जोडीदार. गिरणीत जॉबर होता, अडलेले माग दुरुस्त करणारा; गिरणी बंद पडल्यावर घरी चादरींचे दोन माग टाकले. घरात तेलुगू, बाहेर ही आपली सोलापुरी. आजोबांची चेष्टा करायचा हक्क त्याला एकट्यालाच होता. "सायेब, पिस्तूल न्हाय, सासरवाडीला आलेला जावई हाय हा. कशानंच खूश न्हाय की!" पण एका रविवारी तो चेष्टा न करता म्हणाला, "आमच्यात माग सारखा अडायला लागला, तर जॉबर आधी पाना घेत न्हाय. आधी मागावरचा माणूस बदलतो. दुसऱ्याच्या हाताखाली माग चालला, तर माग उघडायचाच न्हाय. द्या हिकडं, धा गोळ्या मी मारून बघतो."

आजोबा इतक्या जोरात "नाही" म्हणाले की शेजारच्या रांगेतल्या मुली वळून बघायला लागल्या. "माझ्या पिस्तुलाला दुसऱ्याचा हात लागणार नाही."

का, ते मला कळलं होतं. मनगट घट्ट नसेल तर गोळीचा धक्का मनगटच खाऊन टाकतं आणि स्लाईडला मागे जायला जोर उरत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. साफसफाई, तेल, मॅगझिन, गोळ्या, साईट, स्प्रिंग... एकेक खोडत गेल्यावर माझ्या वहीत एकच रकाना कोरा राहिला होता, आणि त्याला नाव द्यायचं धाडस आमच्या दोघांतही नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांच्या हातून कप पडला होता. शर्टाचं वरचं बटण मी लावून द्यायची.

पुढच्या रविवारी रेंजवर असताना तुमचा व्हिडिओ कॉल आला. नील, तुझा पुढचा दात पडला होता आणि तुला तो आजोबांनाच दाखवायचा होता. ते पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवून बाहेर लिंबाखाली गेले, स्वतःची कवळी काढून तुला बोळकं दाखवत हसत होते. आत नरसय्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. रेंजवरच्या सरांना विचारून त्याने दहा गोळ्या भरल्या. इतरांचेही बार चालूच होते, त्यामुळे बाहेर वेगळं काही ऐकू जाणार नव्हतं. पहिली पुंगळी उडाली. दुसरी. मी देवाला म्हणत होते, एक तरी अडकू दे. दहाच्या दहा स्वच्छ उडाल्या.

नरसय्याने पिस्तूल खाली ठेवलं. "वैनी, पिस्तूल ठणठणीत हाय. सायबांस्नी डाक्टरकडं न्या."

आजोबा दारातून येताना दिसले. तोंडावर अजून तुझ्याशी बोलल्याचं हसू होतं. मी हळूच म्हणाले, "सांगू नका. तुमच्याही हातात अडकलं म्हणा."

"मला खोटं बोलाया लावता व्हय?"

"स्पर्धा होईपर्यंतच."

तो बोलला. "सायेब, माफ करा, हात लावला. पर माझ्या हातातबी अडकलं की." आजोबांना राग यायची मी वाट पाहत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी नरसय्याला मिठी मारली... कित्येक महिन्यांनंतर मी त्यांचे खांदे सैल झालेले पाहिले. घरी आल्यावर म्हणाले, "लिहिलंस का वहीत?" मी लिहिलं: नरसय्या, दहापैकी तीन अडकल्या. माझ्या हाताने लिहिलेली ती पहिली खोटी नोंद. ते वहीवर विश्वास ठेवायचे, कारण वही माझी होती.

त्यानंतर सात महिने ते पिस्तूल दुरुस्त करत होते; स्पर्धा त्यांच्याविना होऊन गेली, तरीही. तुमच्या तिकिटांचा विषय निघाला की म्हणायचे, "हे एकदा सुरळीत होऊ दे." जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सुटे भाग मांडायचे. पुढे पुढे स्प्रिंग बोटांतून निसटून फ्रिजखाली जायची आणि मी काठीने काढून द्यायची. एकदा मी म्हणाले, "अहो, डॉक्टरांना एकदा दाखवू या का?" ते म्हणाले, "मला काय झालंय? नरसय्याच्याही हातात अडकलं ना?" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी फ्रिजखाली काठी घालत राहिले.

शेवटी पुण्याला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्नायूंच्या नसांचा आजार सांगितला. उपचाराने बरा होणारा नव्हता, आधी गेलो असतो तरी नाही. हे ऐकून माझ्या मनाला आधार वाटला, तो दोन वाक्यंच टिकला. मग डॉक्टर म्हणाले, "लवकर कळलं असतं तर चालते-बोलते असताना जे करायचं ते करून घेता आलं असतं." जे करायचं ते म्हणजे तुम्ही दोघं होतात. ते सात महिने मी तुमच्याकडून घेतले आणि एका स्प्रिंगला दिले. त्यांना मी भीतीपासून वाचवलं असं मी स्वतःला सांगून पाहते. पण घाबरलेले आजोबा तुमच्याकडे आले असते. तुम्ही त्यांचा हात धरला असता, तो हात तेव्हा अजून उचलला जात होता.

गेल्या सोमवारी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केलं. परवानाधारक गेला की ते घरात ठेवता येत नाही. नरसय्या बरोबर आला होता. हवालदार तरुण होता, सांगोल्याकडचा वाटला. नंबर उतरवून त्याने विचारलं, "आजी, चालू हाय का नादुरुस्त?"

मी नरसय्याकडे पाहिलं नाही. "चालू आहे," म्हणाले. "त्यात कधीच काही बिघाड नव्हता."

"बरं," म्हणत त्याने 'चालू' असं लिहिलं आणि नरसय्याला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. नरसय्याने पेन हातात घेऊन आधी तो शब्द वाचला. मग सही केली.

बाहेर उन्हात रिक्षाची वाट पाहत आम्ही उभे होतो. तो म्हणाला, "वैनी, आज खरं बोललो आपण."

मी हो म्हणाले.

"पर कुणाजवळ बोललो?"