रुखवतातल्या गुलाबी फेण्या

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यापासून मला माझीच किळस येते. किन्हवलीकडच्या आमच्या गावातून विज्ञानात संशोधन करायला मुंबईला गेलेला मी एकटाच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

आमचं काम लेझरचं. साध्या लेझरला आरसे लागतात, आम्ही ते वापरत नसू. पॉलिमरच्या पातळ थरात गुलाबी रंग आणि सुटे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक पांढरी भुकटी कालवायची. वरून हिरवा प्रकाश मारला की रंग पेटतो, त्याचा उजेड कणाकणावर आपटत आत भरकटतो, भरकटताना वाढतो आणि वाट मिळेल तिथून लेझर होऊन बाहेर पडतो. तो रंग विषारी. प्रयोगशाळेत हातमोज्यांशिवाय मी त्याला शिवत नसे.

बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर आधी येताना त्याचीच बाटली खिशात घालून आणली, शेखी मिरवायला. आईसमोर पेलाभर पाण्यात कणभर टाकला, हिरव्या लेझरच्या टॉर्चने नारिंगी पेटवून दाखवला आणि म्हणालो, चिमूटभर रंग हंड्याला पुरतो. मग बाटली ठेवली कोनाड्यात, हळदीकुंकवाशेजारी. केवढा शहाणा मी.

लग्नाच्या दिवशी रुखवतात तांदळाच्या, वाळवून ठेवलेल्या आणि तळून खायच्या फेण्यांची परात होती. निम्म्या गुलाबी. मी टॉर्च मारला. फेण्या नारिंगी चमकल्या.

"तुजाच रंग हाय," आई कौतुकानं म्हणाली. "बोललास तसा हंडाभर पिठाला पुरला."

शेजारी विहीणबाई फेण्या हातात घेऊन बघत होत्या. बोललो असतो तर मुलीकडच्यांनी विष दिलं असं झालं असतं, बहिणीचं लग्न मोडलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भर मांडवात मूर्ख ठरायचं नव्हतं. परात वऱ्हाडाच्या टेम्पोत चढवायला मीच हात लावला.

दिवाळीला बहीण माहेरी आली. सासरी पोराटोरांपासून सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या, म्हणाली. मग पिशवीतून माझ्यासाठी राखलेल्या शेवटच्या दोन काढून तळल्या. एक मला दिली, एक स्वतः उचलली.

मी तिच्या हातातली ओढून घेतली आणि दोन्ही खाल्ल्या. चव नेहमीसारखीच होती.

"हावराच राह्यलास रे दादा," ती हसली.

मी तेवढं ऐकून घेतलं. तेव्हाही सांगितलं नाही.