मांडीचं हाड

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या मांडीच्या हाडाच्या दोन टोकांना डॉक्टरांनी दोन फुल्या लावल्या आणि टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, "दोन आठवडे मागे." मी विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या डॉक्टर सांगतील." पोट माझं, आणि उत्तर मात्र दुसऱ्या दवाखान्यात! रिक्षात मी वेड्यासारखी स्वतःच्याच मांडीवर वीत ठेवून बघत होते.

घरी सासूबाईंनी ऐकताक्षणी निकाल दिला, "तूप खात नाहीस ना, त्याचं हे!"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. आठ महिने जे वाढलं, ते देवाच्या कृपेनं; जे कमी पडलं, ते माझ्यामुळे. अजून जगात न आलेल्या जीवाला सगळ्यांनी तक्त्यातल्या रेघेखाली उभं केलं होतं, आणि शेजारी मला.

सासूबाई तुपाची बरणी काढायला उठल्या. फळीपर्यंत हात पोचेना. स्टूल ओढून चढल्या, टाचा उंचावल्या, तरी पोचेना. मग त्यांनी लेकाला हाक मारली. माझा नवरा आला आणि तोही स्टुलावर चढून टाचा उंचावू लागला.

"आई, तूप राहू द्या," मी म्हणाले. "आधी ती फळी खाली घ्या. बाळ याच घरात येतंय."