सलीम, जरा हळू

सांगलीत आमच्या घरून मंडईला जाताना सलीमभाईंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान लागतं. दीड-दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याचं शटर खाली होतं आणि शेजारचा सायकलवाला पायरीवर नुसताच बसून होता. मी थांबले तसा तो म्हणाला, "बाई, सलीमभाई गेले पहाटं. झोपेतच." मी रिकामी पिशवी घेऊन घरी परतले आणि साताऱ्याला माझ्या थोरल्या भावाला, अशोकदादाला, फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "मी निघतो."

गावात त्यांना सगळे मोटरवाले सलीमभाई म्हणूनच ओळखत. तरुणपणी ते ड्रम वाजवायचे आणि त्यांचं वाजवणं ऐकायला साताऱ्यात कॉलेजची पोरं बाकांवर उभी राहायची, हे त्यांच्या गल्लीतही फार थोड्यांना माहीत असेल. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सलीमभाई सांगलीहून साताऱ्याला मामाकडे राहून आयटीआय करत होते. दादा कॉलेजात होता. त्यानं मुंबईच्या एका नातेवाइकाकरवी जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली होती आणि ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तिच्यासाठी जुन्या रेडिओच्या खोक्यात अँप्लिफायर बसवून दिला होता. दादाची गिटार, सलीमभाईंचे ड्रम, दादाच्या वर्गमित्राचा ऑर्गन आणि गायला मी. ग्रुपचं नाव 'रिदम फाईव्ह'. माणसं चारच होती, पण पाचवा कधीतरी मिळेलच असं दादा म्हणायचा. आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, तिच्या माळ्यावर आम्ही सराव करायचो. खाली गिरणी सुरू असली की वरचा गोंगाट कुणाला ऐकू जात नसे. सराव संपला की सलीमभाईंच्या भुवयांवर पीठ बसलेलं असायचं आणि ते तसेच मामाच्या घरी जायचे.

दादा आणि ते एका ताटात जेवणारे. दादा हट्टी, बोलका, पुढं पुढं करणारा. सलीमभाई कमी बोलत. एखादं गाणं बसलं नाही तर "गड्या, पुन्यांदा घेऊ" एवढंच. हळूहळू आम्हाला कार्यक्रम मिळू लागले. गणपतीची मंडळं, साखर कारखान्यांचे वर्धापनदिन, एकदा कोयनानगरच्या कॉलनीत तर इंजिनिअर लोकांनी आम्हाला इंग्रजी चाली वाजवायला लावल्या आणि दादा-सलीमभाई दोघंच कितीतरी वेळ वाजवत राहिले. एक जण थांबला की दुसरा तिथून उचलायचा. बघणाऱ्याला वाटावं, हे दोघं कधी वेगळे होणार नाहीत. मलाही तसंच वाटायचं.

सलीमभाईंचे वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवालदारचाचा म्हणत. पोरानं वाजवणं त्यांना पसंत नव्हतं. ते रागावत नसत, पण तो विषय निघाला की उठून बाहेर जात. आमचा कार्यक्रम त्यांनी कधी ऐकला नव्हता. ज्या वर्षी सांगलीतल्या एका गणेश मंडळानं आम्हाला बोलावलं, त्या वर्षी सलीमभाईंचं शिक्षण संपून ते घरी परतले होते आणि सरावाला एसटीनं साताऱ्याला यायचे. मंडप त्यांच्याच पेठेत होता. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्याच गाण्याला ड्रमची लय पळू लागली. मला शब्द उरकेनात. दादानं दोन-तीनदा मागं वळून पाहिलं, डोळ्यांनी खुणावलं. सलीमभाईंचं लक्षच नव्हतं. तेव्हा गाण्याच्या मधल्या जागेत दादानं माइक ओढला आणि म्हणाला, "सलीम, जरा हळू. तुझी गाडी काय सुटत नाही."

मंडप हसला. आम्हीही हसलो. सलीमभाईंनी लय आवरली आणि उरलेला कार्यक्रम इतका नेमका वाजवला की दादा खूश झाला. निघताना त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा ते ड्रमचे पट्टे सोडवत होते. वर बघितलं नाही. पुढच्या रविवारी ते सरावाला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दादानं निरोप पाठवला. उत्तर आलं, "कामाचं लय आहे, जमत न्हाई." दादा चिडला. "एवढ्याशा बोलण्यावर रुसायला तो काय बाई आहे?" असं माझ्यासमोरच म्हणाला. दुसरा ड्रमर आणला. तो ठोकायचा बरा, पण दादा थांबला की तोही थांबायचा. वर्षभरात ऑर्गनवाल्याला नोकरी लागली, माझं लग्न ठरलं, आणि रिदम फाईव्ह कुणी न मोडता मोडला. गिटार माळ्यावरच राहिली. दादा खाली गिरणीत बसू लागला.

लग्न होऊन मी सांगलीला आले. सलीमभाईंनी तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. सासरचा पंखा घेऊन मी गेले आणि बसल्या बसल्या विचारलं, "सलीमभाई, तेवढ्यावरून कुणी सोडून जातं का?" ते तांब्याची तार गुंडाळत होते. हात थांबले नाहीत.

"सुनंदा, अब्बा आलेते त्या दिवशी," ते म्हणाले. "मागं, खांबापाशी उभे हुते. मला दिसले आणि हात पळाय लागला. पयल्यांदाच आलेते."

"मग काय म्हणाले ते?"

"घरी जाताना म्हनले, वरातीतल्या ढोलवाल्यालाबी कोण असं बोलत न्हाई." तार ओढून घेत म्हणाले, "पुन्हा कवा आले न्हाईत."

साताऱ्याला गेल्यावर मी हे दादाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. पण तो म्हणाला, "मला काय ठाऊक, ते आलेत म्हणून? त्यानं सांगायचं होतं." सलीमभाईंना विचारलं तर ते म्हणत, "आता त्यानं यावं." दोघंही खरंच बोलत होते, आणि त्या खरेपणात कैक वर्षं गेली. सांगलीला माझ्याकडे आला तरी दादा त्या दुकानाच्या रस्त्यानं जात नसे.

दशक संपत आलं असताना हवालदारचाचा वारले. मी कळवलं तसा दादा पहिल्या गाडीनं आला आणि माझ्या यजमानांबरोबर गेला. पुढचं मला यजमानांनी सांगितलं. जनाजा उचलला तेव्हा दादा गर्दीच्या कडेला, घराच्या फाटकापाशी उभा होता. सलीमभाई पुढच्या बाजूला होते. फाटकाशी येताच ते थांबले, जागा केली आणि म्हणाले, "अशोक, ये. खांदा दे." दादा पुढं झाला. कबरस्तानापर्यंत दोघं बरोबरीनं चालत गेले. परतताना वाटेतल्या टपरीवर दोघांनी उभ्यानं चहा घेतला. तिथं दादा म्हणाला, "मी माइकवरनं बोलायला नको होतं." सलीमभाई म्हणाले, "मी बी सांगाय पायजे हुतं."

त्यानंतर दोघं एकत्र कधी वाजवायला बसले नाहीत. दादानं एकदा सुचवलं होतं, पण सलीमभाईंचे ड्रम तोवर एका शाळेच्या लेझीम पथकाकडे गेले होते. दादाचा स्वभाव मात्र बदलला नाही. नुसतं भेटायला आलो म्हणणं त्याला जमायचं नाही, म्हणून तो दर खेपेला साताऱ्याहून काहीतरी बिघडलेलं घेऊन यायचा. मिक्सर, पाण्याची मोटर, कधी शेजाऱ्याचा कूलर. सलीमभाई विचारायचे, "साताऱ्यात दुकानं न्हाईत व्हय?" दादा म्हणायचा, "आहेत. पण त्यांचं वाइंडिंग टिकत नाही." मग दोघं दुपारभर दुकानात बसायचे.

परवा दादा आला. आता त्याला काठी लागते, तरी काखेत टेबलफॅन होता. मी बरोबर गेले. दुकान आता सलीमभाईंचा मुलगा इम्रान बघतो. त्यानं फॅन खोलला, तारा तपासल्या, लावून पाहिला. पातं गरगर फिरू लागलं.

"काका, यात काय बिघाड न्हाई," तो म्हणाला.

दादा स्टुलावर टेकला. "असू दे," म्हणाला. "ठेव चार दिवस. न्यायला येईन मी."