इंची आट्यांचा ड्रम

जयदेव संडासात गेला की मी बाहेर खुर्ची टाकून बसते. आतून पाण्याचा आवाज आला की हायसं वाटतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही तर दार वाजवते. तो चिडतो. "आई, जिवंत आहे मी." माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, आणि तो आत मेला तर नसेल, ही धास्ती दिवसभर माझ्या डोक्यातून जात नाही.

तो असा नव्हता. आयटीआय करून अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला होता. हाताला सफाई होती. एक्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं आणि तो बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी बसून राहिला. तेव्हाच त्याने माळ्यावरून माझ्या सासऱ्यांचा ड्रम खाली काढला.

सासरे, शिवराम, कल्याणच्या लष्करी छावणीत कामाला होते. युद्ध संपून गोरे गेले, तेव्हा हा पितळी साइड ड्रम त्यांच्या हाती आला. विठ्ठलवाडीच्या चाळीतून जयंतीची मिरवणूक निघे, तेव्हा ते तो गळ्यात अडकवून वाजवायचे. ते गेल्यावर ड्रमची रया गेली. चामडं ताणून धरणारे लांब पितळी बोल्ट निम्मे हरवले, खालच्या तारा तुटल्या.

"जयंतीपर्यंत उभा करतो," जयदेव म्हणाला.

नमुन्याला एक जुना बोल्ट घेऊन तो उल्हासनगरला गेला आणि दुकानदाराची नक्कल करतच परत आला. "शेठ म्हणतो, ले जा साईं, सेम टू सेम. आई, बोल्ट दोन फेऱ्यांत अडकला. आपला माल इंची आट्यांचा, त्याचा मिलिमीटरचा. तर म्हणतो, हथौड़ी मार, बैठ जाएगा."

"मग मारायची," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"बाबा, हातोडीने बसवला तर आतले आटे मरतात. मग खरा बोल्टसुद्धा धरत नाही."

अंबरनाथला त्याच्या जुन्या सोबत्याने, महिपतीने, छोटं वर्कशॉप टाकलं होतं. जयदेव तिथल्या लेथवर पितळी सळईला इंची आटे पाडत बसायचा. डबा मीच भरून द्यायची. पोरगा कामात आहे, एवढ्यानेच मला बरं वाटायचं. त्याच वर्कशॉपच्या मागे पोरं गर्द ओढत बसतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या जयंतीला विठ्ठलवाडीच्या मिरवणुकीत ड्रम वाजला. चाळीतल्या पुतळाबाई दारात येऊन म्हणाल्या, "आगं, शिवराम आला का काय परत?" जयदेव लाजून हसला. त्यानंतर मी त्याला तसं हसताना पाहिलं नाही.

पुढे घरातून ह्यांचं घड्याळ गेलं, माझी पातेली गेली. कॉलेजातली माझी मैत्रीण उमा ठाण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. ती म्हणाली होती, "फोन कर, मी माणसं घेऊन येते. तो शिव्या देईल, तुझ्या पाया पडेल. तेव्हा मागे फिरायचं नाही." हे म्हणाले, "चारचौघांत तमाशा नको. येईल ताळ्यावर." मी फोन केला नाही, कारण ड्रम अजून कपाटावर होता. त्याला जयदेवने हात लावला नव्हता. ते बोल्ट जागेवर आहेत तोवर पोरगाही कुठेतरी जागेवर आहे, असं मी धरून चालले होते.

आज दुपारी धूळ पुसायला ड्रम फिरवला. भिंतीकडच्या बाजूला पितळ नव्हतंच, पांढरे लोखंडी बोल्ट होते. वाकडे बसलेले, डोक्यांवर हातोडीचे घाव. त्याने स्वतः घडवलेले तेवढेच गेले होते.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय झालं? चांगलेच आहेत," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सेम टू सेम."

आटे मरतात हे ज्याने आम्हाला सांगितलं, त्यानेच हातोडी मारली होती. आता कशाची वाट बघायची?

ह्यांना मी विचारणार नाही. स्टेशनसमोरचा पीसीओ सकाळी लवकर उघडतो. उमाला फोन करणार आहे आणि एवढंच सांगणार आहे, माणसं घेऊन ये, दार मी उघडते.