शपथेचा बेलभंडारा
भंडाऱ्याच्या हळदीचा वास आला की ग्रामपंचायतीच्या मतदानाची ती सकाळ स्मरते. आमच्या खंडोबाच्या देवळात गावगुंड एकेका मतदाराला बेलभंडारा उचलायला लावून आपल्याच उमेदवाराला मत देण्याची शपथ घ्यायला भाग पाडत होते. एक विधवा शेतमजूर कडाडली, "मत माह्यं हाय, देवाले काऊन मधात घालता?" "लय शायनी झाली काय वं?" म्हणत एकाने काठी हाणली, तिचे उजवे मनगट मोडले, ती पायरीवर कोसळली, रक्त सांडले. मी पुजारी, आडवा गेलो, तर दुसरी काठी माझ्या कपाळावर बसली. ती मात्र उठली. "बटन दाबाले डावा हात हाय ना मले!" म्हणत मतदान केंद्राकडे चालू लागली. आजही गंध लावताना बोट त्या व्रणावर थांबते. त्या दिवसापासून बेलभंडारा मी देवालाच वाहतो, शपथेसाठी कोणाच्याही हाती देत नाही.