अडतीस मुलांचा शोध

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांचे नवे गुणांक जाहीर झाले आणि कॉर्बिन मिल्सच्या सरकारी हायस्कूलचा आकडा दहापैकी पाचावरून एकदम दोनावर घसरला. ओहायोतल्या त्या लहानशा गावात ही बातमी शाळेत आणली ती गॉर्डन पाइकने. गॉर्डनचा धंदा घरं विकण्याचा. ऑफिसच्या काउंटरवर कोपर टेकून त्याने सांगितलं, की सकाळपासून दोन कुटुंबांनी घर बघायला यायचं रद्द केलंय. इंटरनेटवर घराच्या फोटोखालीच शाळेचा आकडा दिसतो. लोक आधी तो बघतात, मग स्वयंपाकघर. दोन म्हटल्यावर गाडी गावात वळतच नाही.

काउंटरच्या आत व्हर्नेटा हॉलिस बसली होती. सत्तावीस वर्षं ती तिथेच बसत होती. शाळेत येणाऱ्याचं नाव घालणं, जाणाऱ्याचं काढणं, दाखले, हजेरी हे तिचं काम. खणात उपाशी पोरांसाठी बिस्किटं ठेवणं, कोणाची आई आजारी आहे आणि कोणाचा बाप घरातून गेलाय हे लक्षात ठेवणं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, ते ती आपणहून करायची. उंच, सडपातळ, काळीसावळी बाई. चष्मा नेहमी कपाळावर. रविवारी चर्चमध्ये ती गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत असायची, पण ऑफिसात तिचा आवाज कधी चढला नाही.

गॉर्डन गेल्यावर तिने डबा बाजूला सारला आणि तो आकडा कशाकशाने बनलाय ते उघडून वाचलं. परीक्षांचे गुण होते तसेच होते. घसरलं होतं ते उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण. चार वर्षांपूर्वी नववीत आलेल्या एकशे बत्तीस मुलांपैकी अडतीस जणांपुढे लिहिलं होतं : शाळा सोडली.

व्हर्नेटाने नावं काढली आणि एकेक वाचत गेली. तिसऱ्याच नावाला ती थबकली. मारिसोल ओर्तेगा. ही पोर तर बापाच्या कामापायी टेक्सासला गेली होती. शाळा पूर्ण केल्याच्या समारंभातला टोपी-झग्यातला फोटोसुद्धा पाठवला होता तिने. तो व्हर्नेटाच्या कपाटाला चिकटवलेला होता.

मग तिला उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद पडला, तेव्हा माणसं मिळेल त्या गावी निघून गेली होती. दाखले मागायला कोणाला सवड होती? आणि नव्या शाळेकडून कागद आला नाही, की राज्याच्या नियमाप्रमाणे मूल शिकणं सोडून गेलं असंच धरतात. त्याच वर्षी ऑफिसातल्या तीन जणींपैकी दोघींना कमी केलं होतं. कागदांचा पाठपुरावा करायचा कोणी? करायला व्हर्नेटाच उरली होती, आणि तिच्याकडून तो झाला नव्हता. हे तिला लागलं. मुख्याध्यापकांकडे गेली तेव्हा पहिलं वाक्य तिने तेच म्हटलं, की चूक माझ्या टेबलावरची आहे.

मुख्याध्यापक ऑस्टर भला माणूस, पण थकलेला. शेजारच्या गावाच्या शाळेत आपली शाळा मिसळून टाकायची चर्चा सुरू आहे हे त्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीची मुदत डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत होती. अडतीस मुलं कुठे कुठे शोधणार, असं त्यांनी विचारलं.

"जिथे गेलीत तिथे," व्हर्नेटा म्हणाली. "हवेत तर विरली नाहीत ना ती."

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. व्हर्नेटाची मुलगी रेनी नर्स होती, नवऱ्याबरोबर जवळच्या शहरात भाड्याने राहत होती. तिला चार वर्षांची मुलगी, इमानी. नवरा-बायको घर घ्यायच्या बेतात होती आणि कॉर्बिन मिल्समधलं, व्हर्नेटापासून तीन गल्ल्यांवरचं एक घर जवळजवळ ठरलंही होतं. रविवारी जेवायला आल्यावर रेनी बराच वेळ ताटातल्या मक्याच्या पावाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मॉम, आम्ही हार्टवुडला बघतोय."

हार्टवुड वीस मैलांवर. तिथल्या शाळेचा आकडा नऊ.

"तू याच शाळेत शिकलीस," व्हर्नेटा म्हणाली.

"शिकले. आणि मला काही कमी पडलं नाही. पण तेव्हा तू रोज तिथे होतीस, मॉम. इमानी हायस्कूलला जाईल तेव्हा तू नसशील, कदाचित शाळाही नसेल. माझ्या एकुलत्या पोरीवर मी प्रयोग नाही करणार. तू रागाव हवं तर."

व्हर्नेटा रागावली नाही. तिने रेनीच्या ताटात भाजी वाढली आणि घर किती मजल्यांचं, अंगण आहे का, असं विचारलं. रेनी गेल्यावर मात्र ती भांडी घासताना तीच पातेली दोनदा घासत राहिली. सत्तावीस वर्षं ज्या शाळेसाठी जीव ओतला, तिच्यावर पोटच्या पोरीचाच भरवसा नाही, हा घाव साधा नव्हता. पण रेनीच्या बोलण्यात खोट काढायची म्हटलं तरी तिला सापडेना.

सोमवारपासून ती कामाला भिडली. रोज दुपारी साडेतीनला शाळा सुटली, की त्या मुलांच्या नावांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन फोनवर बसायची. जुने नंबर बंद असायचे. मग ती मुलाच्या मावशीला विचारायची, मावशी चुलत्याचा नंबर द्यायची, चुलता म्हणायचा ते केंटकीत आहेत बहुतेक. केंटकीतल्या शाळांच्या कारकुनांना तिने एकेक करून फोन केले. "मी पण तुमच्यासारखीच काउंटरवर बसते," एवढं म्हटलं की पलीकडची बाई मऊ व्हायची आणि शोधून देते म्हणायची. एक मुलगा अलाबामात सापडला, फुटबॉलच्या संघात. जुळ्या बहिणी टेक्सासमध्ये, मारिसोलच्याच शाळेत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत अठ्ठावीस जणांचे कागद आले होते.

एका कार्डावर नाव होतं ट्रॅव्हिस मोझर. त्याला शोधायची गरज नव्हती. तो अकरावीत असताना गाडीच्या अपघातात गेला होता. अंत्यविधीला व्हर्नेटा स्वतः गेली होती. तरीही यादीत तो 'शाळा सोडली' असाच होता, कारण मृत्यूचा दाखला कोणी जोडला नव्हता.

हा फोन करायला तिची जीभ उचलेना. ती मोझरांच्या घरी गेली. ट्रॅव्हिसची आई बोनी हिने कॉफी केली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. दाखल्याचा विषय कसा काढावा हे व्हर्नेटाला सुचेना, म्हणून तिने सरळ यादीत काय लिहिलंय ते सांगून टाकलं आणि माफी मागितली.

बोनीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्याने काही सोडलं नव्हतं. मागच्या सीटवर त्याचं जीवशास्त्राचं पुस्तक होतं. सोमवारी परीक्षा होती."

"माहितेय मला. म्हणूनच आलेय."

बोनी उठली, आतल्या खोलीतून दाखल्याचं पाकीट घेऊन आली आणि ते व्हर्नेटाच्या हातात ठेवून म्हणाली, "नीट लिहा आता." व्हर्नेटा गाडीत येऊन बसली आणि पाकीट शेजारच्या सीटवर नीट ठेवून तिने गाडी सुरू केली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा कागद आला आणि हिशेब स्पष्ट झाला. एकोणतीस मुलं दुसरीकडे शिकत होती किंवा शिकून बाहेर पडली होती. ट्रॅव्हिस धरून तीस. उरली आठ. या आठांनी खरोखरच शाळा सोडली होती.

शिक्षण मंडळाच्या कार्यालयातून एक साहेब आकडे बघायला आले. खूश झाले. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, की या आठांच्या आईबापांची एकेक सही घ्या, मूल घरीच शिकतंय म्हणून. कायद्यात बसतं, कोणी विचारत नाही. शंभर टक्के होतील.

ऑस्टरांनी व्हर्नेटाकडे पाहिलं. साहेबांचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, पण शाळा वाचवायचीही होती.

व्हर्नेटाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "ही मुलं घरी शिकत नाहीत. एक जण टायरच्या दुकानात आहे, एक कोंबड्यांच्या कारखान्यात. मी भेटून आलेय. आज आपण ती शिकतायत असं लिहिलं, तर उद्या त्यांना शोधायला कोणी जाणार नाही. आठ म्हणजे आठच जातील. दुसरं काही लिहायचं असेल तर खाली माझी सही नसेल."

साहेबांनी खुर्ची मागे सारली. ऑस्टर म्हणाले, "आठच लिहा, व्हर्नेटा." तेरा तारखेला कागद राज्याच्या खात्याकडे गेले.

लोकांना वाटलं आता ती निवांत बसेल. ती त्या आठांच्या मागे लागली. लेटिशा ब्रूक्स कपडे धुण्याच्या दुकानात काम करायची, तान्हं मूल पाळण्यात ठेवून. तिला उत्तीर्ण व्हायला चारच विषय कमी होते.

"मिस हॉलिस, मी आता एकोणीस वर्षांची बाई आहे. त्या बाकावर बसून हसं करून घेऊ का?"

"बाकावर बसू नकोस. संध्याकाळी लायब्ररीत बस. शाळेतले एक सर शिकवायला येतील. बाळाला मी धरते."

आणि तिने खरंच धरलं. मंगळवारी आणि गुरुवारी शाळेच्या ऑफिसात फायलींच्या कपाटाशेजारी ते पोर गोधडीवर रांगायचं. लेटिशाचं बघून टायरवाला आला, मग आणखी एक मुलगी आली. बाकीचे पाच आले नाहीत. दोघांनी तर दारही उघडलं नाही. व्हर्नेटा त्यांच्या दारात शाळेचं पत्रक ठेवून परत यायची.

मार्चमध्ये रेनीने हार्टवुडला घर घेतलं. सामान हलवायला व्हर्नेटा पूर्ण दिवस राबली, कपाटांत कागद अंथरले, इमानीच्या खोलीचे पडदे लावून दिले. घर उजेडाचं होतं, आणि तसं ती म्हणालीही.

पुढच्या ऑक्टोबरात नवे आकडे आले. शाळा सहावर होती. मिसळून टाकायची चर्चा मंडळाने आधीच गुंडाळली होती. रेनीचा फोन आला. जरा चाचरत तिने विचारलं, "मॉम, मी एक वर्ष थांबायला हवं होतं का गं?"

"तू तुझ्या लेकीचं बघितलंस. मीही तुझं तसंच बघितलं होतं," व्हर्नेटा म्हणाली. "शनिवारी येते. इमानीला सांग, केक करू." यात टोमणा नव्हता, आणि तो नाही हे रेनीलाही कळलं. म्हणूनच बहुधा ती फोनवर थोडी रडली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एके दिवशी ऑफिसात फोन वाजला. ॲरिझोनाहून एक आई बोलत होती. नवऱ्याची बदली होणार होती. घरं बघतोय म्हणाली, तुमचा सहा आहे, शेजारचा नऊ आहे, खरं काय ते सांगा.

व्हर्नेटाने सांगितलं, की सहा खरा आहे, तो मी स्वतः तपासलाय. नऊही चांगली शाळा आहे, माझी नात तिकडेच जाईल. मग तिने विचारलं, "तुमच्या मुलाला आवडतं काय?"

हे त्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. "ट्रॉम्बोन वाजवायला," ती म्हणाली. "दिवसभर. शेजारी वैतागलेत."

"आमच्या बँडमध्ये दोन ट्रॉम्बोनवाले यंदा बाहेर पडतायत," व्हर्नेटा म्हणाली. "मंगळवारी दुपारी सराव असतो. त्याला घेऊन या. हार्टवुडचाही बघा, त्यांचा बुधवारी असतो. दोन्ही ऐका, आणि मग घर शोधा." आणि तिने एक कोरं कार्ड पुढे ओढून मुलाचं नाव कसं लिहायचं ते विचारलं.